गणितात न आलेली सुई

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या दवाखान्यात कुत्रं चावलेल्यांच्या रांगेत भामाबाई पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या जोडप्याचं मराठी कानावर पडलं, आणि त्या हाताचं दुखणंच विसरल्या.

"त्रिवेणी, चल घरी. गेल्या साली रेबीजच्या सुयांचा कोर्स झालाय माझा. अँटिबॉडी आहेत अंगात."

"मोजल्यात का?"

"मोजायचं काय त्यात? माझं कामच ते आहे. कुठली अँटिबॉडी व्हायरसला किती लवकर चिकटते, त्याचं कंप्युटरवर गणित मांडतो मी."

"हौ. तुमच्या पायाच्या पिंडरीला चावलेलं कुत्रं त्यात कुठं बसवलंत?"

"थट्टा नक्को करू. नुसतं चिकटून भागत नाही. एकदा धरलं की किती वेळ सुटत नाही, त्यावर सगळं आहे."

"मग डॉक्टरला शिकवा जरा. बिचारा उगाच इतकी वर्षं शिकला."

"तो म्हणतो, आधी कोर्स झाला असला तरी दोन सुया घ्याच."

"आणि तुमच्या गणितात किती आल्या?"

"एकही नाही."

"कशी येईल? गणित मांडणाराच सुईला भितो!"

तेवढ्यात नर्सने त्या नवऱ्याला, ओमकारला, नावाने हाक मारली. दोघं पडद्याआड गेली. भामाबाईंनी मान लांब केली.

"अहो, डोळे उघडा. सुई केव्हाच काढली."

"खरंच?"

"हौ. आता माझा हात सोडा, बोटं निळी पडायलीत."