आचाऱ्याचं पातेलं

भंगाराच्या खिडकीपुढची रांग अडली होती. पुढचे म्हातारे आचारी भोक पडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काही सोडेनात. तिथल्याच धातू वितळवायच्या भट्टीवर काम करणारी त्यांची सून समजूत घालत होती. मागच्या बाईंनी कान टवकारले.

"बाबा, द्या ना आता."

"जन्मभर यात रांधलं, सूनबाई. तेच तू वितळवणार?"

"वितळवणारच. खनिजापासून एवढं नवं ॲल्युमिनियम काढायला जेवढी वीज लागते, तेवढ्यात अशी वीस पातेली वितळतात."

"वीस? थापा मारतेस!"

"भट्टी माझी आहे, बाबा. खनिजातून धातू काढायचं अवघड काम आधीच झालंय."

"म्हणजे शिजलेलं नुसतं गरम करायचं?"

"अगदी तसंच!"

"वा! मला वाटायचं, घरात आचारी मी एकटाच."

"मग देताय?"

"घे. पण करपवलंस तर बघ!"