दोन पानं भरून ‘नाही’

नाही नाही, उठू नका बाई, बसा. ते तुमचे राजवाड्यातले जुने कागद कुठं पळून जात नाहीत, तीनशे वर्षं इथंच पडून आहेत, अजून दहा मिनिटं पडतील. या कडुलिंबाखाली बरं वारं येतं. तीन दिवस मी रोज जेवणाच्या सुट्टीत येतोय तुमच्याशी बोलायला — तुम्हांस वाटलं असेल, या माणसास ऑफिसात काम नाही. आहे काम. पीडब्ल्यूडीत हेडक्लार्क आहे मी, तुळजाराम राव म्हणून कुणासही विचारा. पण तीन दिवस मी नुसतं एकोजीराजे, सरफोजीराजे करत राहिलो आणि जे विचारायचं ते राहिलंच. लहानसं काम आहे. हे पत्र. पुण्याकडच्या एका कॉलेजातून आलंय. एवढं वाचून सांगा. चष्मा घरी राहिला माझा — काय? खिशात? हा होय, हा लांबचं बघायचा. जवळचा घरी राहिला. थांबा, उघडू नका लगेच, नुसतं हातात धरा. आधी गोष्ट ऐका, नाहीतर पत्र समजायचं नाही.

माझी मुलगी, कीर्तना. एकुलती एक. तीस फार्मसीच करायची, दुसरं काही नको. माझे वडील आजारी होते तेव्हा ती आठ वर्षांची — त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचत बसायची, ही जेवणाआधी का, ती जेवणानंतर का, विचारून आमच्या मेडिकल शापवाल्याचं डोकं खायची. शेवटी तो म्हणाला, राव, ही इथं माझ्या खुर्चीवर बसेल, मी घरी जातो. बरं. तर बारावीत मार्क कमी पडले. फार नाही. इथली सरकारी सीट लांबच राहिली, पण पुण्याकडच्या कॉलेजास सायन्समध्ये साठ टक्के लागतात आणि हीस छप्पन. चार टक्के बाई! केमिस्ट्रीत वर्गात पहिली, बायालजीत दुसरी, आणि फिजिक्सनं घात केला. ताप होता तीस त्या दिवशी. हो, ताप. मी कॉलेजास इंग्लिशमध्ये लिहिलं, त्यांचं इंग्लिशमध्ये उत्तर आलं, टाइप केलेलं, तीन ओळी — साठ लागतात, क्षमा असावी. झालं म्हणायचं की नाही? दुसरा कुणी गप्प बसला असता.

मी बसलो नाही. मी दुसरं पत्र लिहिलं, प्रिन्सिपालांच्या नावानं, आणि त्यात काय लिहिलं — आम्ही तुमचेच म्हणून लिहिलं. आम्ही राजांबरोबर आलेली माणसं, तीनशे वर्षं तमिळ देशात राहिलो पण घरात अजून मराठीच बोलतो, चुलीपाशी मराठी, देवापाशी मराठी, तुम्ही आम्हांस परकं मानू नका, मायभाषेच्या लेकरास दार उघडा. चांगलं लिहिलं होतं हां, इंग्लिशमध्ये. मी इथल्या मराठी संघाचा सेक्रेटरी आहे, बारा वर्षं. दर वर्षी शिवजयंतीस मीच भाषण करतो, तमिळ अक्षरांत लिहून घेतो आणि — ते राहू दे. तर त्या प्रिन्सिपालांस काय आनंद झाला असेल! त्यांनी टाइप नाही केलं, क्लार्ककडे नाही दिलं, स्वतःच्या हातानं, शाईच्या पेनानं, दोन पानं भरून मराठीत उत्तर पाठवलं. मीच मागून घेतलं की हो हे. त्यांनी इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर मी आज इथं बसलो असतो का?

हसू नका बाई. हसला नाहीत? बरं. मग मला तसं दिसलं.

एकवीस दिवस झाले. पोस्टमन आला तेव्हा मी बाहेर तिन्नैवर बसलो होतो, आमच्या घरापुढच्या ओट्यावर. कमलाक्षी, माझी बायको, हात पुसत बाहेर आली, कीर्तना दारात उभी — कॉफीचा टंबलर तिच्या हातात, माझ्यासाठी आणलेला, तो तसाच. दोघींचे डोळे माझ्या तोंडाकडे. मी फोडलं. बघतो तर — ते सगळं वरून रेघ ओढलेलं, खाली लोंबणारं... सांगा, आम्हांस शाळेत कुणी शिकवलं हे? तमिळ शिकलो, इंग्लिश शिकलो. आजोबा मोडी लिहायचे म्हणतात, त्यांच्याबरोबर गेलं ते. आता बायकोपुढं, मुलीपुढं, मराठी संघाचा सेक्रेटरी काय म्हणणार? मी चष्मा लावला. पहिलं पान वरून खाली बघितलं, उलटलं, दुसरं बघितलं. मान हलवली. आणि म्हणालो, सीट नाही म्हणून लिहिलंय.

का तसं म्हणालो? हे मी मलाच एकवीस दिवस विचारतोय. ‘आहे’ म्हणालो असतो तर कधी जायचं, काय न्यायचं, कुठं राहायचं, सगळं विचारलं असतं, मी काय वाचून सांगणार? ‘नाही’ म्हटलं की पुढं काही वाचावं लागत नाही. तेवढंच. कमलाक्षी आत गेली. कीर्तनानं टंबलर माझ्यापाशी ठेवला आणि विचारलं — हळू, भांडण नाही काही — “अप्पा, दोन पानं भरून ‘नाही’च लिहिलंय?” मी म्हणालो, मोठी माणसं, मर्यादेनं लिहितात. तिनं ‘सेरी’ म्हटलं. बरं म्हणून. कॉफी निवली होती, मी तशीच प्यालो.

दुसऱ्या कुणाकडे का नाही गेलो? कुणाकडे जाऊ? हिंदी शिकवणारे आहेत की दोघंचौघं गावात, त्यांस ही अक्षरं येतात. पण त्यांच्याकडे गेलो की संध्याकाळी सगळ्या मराठी घरांत ठाऊक. एकदा एसटीडी बूथात शिरलो, पत्राच्या डोक्यावर छापलेला नंबर इंग्लिशमध्ये होता तो लावला. तिकडून कुणीतरी बोललं — तुमच्यासारखं, भराभर, रेडिओवर बोलतात तसं. माझ्या तोंडातून आमचं मराठी निघेना. ठेवून दिला फोन. मग पत्र शर्टाच्या खिशात घालून फिरतोय, या शर्टातून त्या शर्टात. आणि मंगळवारी कळलं, पुण्याच्या बाई आल्यात, जुने कागद वाचतात. घरी जाऊन सांगितलंसुद्धा मी, जेवताना — पुण्याच्या बाईंशी अर्धा तास मराठी बोललो म्हणून. फुशारकी, दुसरं काय.

आता आजच का, तेही सांगतो. उद्या सकाळी निश्चितार्थम आहे, साखरपुडा म्हणता तुम्ही. कीर्तनाचा. पापनाशमचं घर, आमच्यातलंच, सूर्यनारायण रावांचा मुलगा, मद्रासेस नव्या मोटारीच्या कंपनीत आहे. चांगला मुलगा आहे, वाईट बोलायला जागा नाही. सीट नाही म्हटल्यावर बसवून काय ठेवायची, म्हणून मीच बोललो त्यांच्याशी. तीस विचारलं. परत ‘सेरी’. बाई, माझी मुलगी वाद घालणारी आहे, चटणीत मीठ किती यावरून आईशी तासभर भांडते. ही ‘सेरी’ मला गिळवत नाही. उद्या ताटं बदलली की बोलणं संपलं, आमच्यात ते मोडत नाहीत. तर मला आज कळायला पाहिजे, यात खरंच ‘नाही’ लिहिलंय का. लिहिलेलं असू दे. देवाशपथ, ‘नाही’च असू दे. मग मी खोटं बोललो असं होत नाही.

ताप? कसला ताप? हां, फिजिक्सचा. हो, होता म्हटलं ना. असं बघू नका. बरं, ऐका, तुम्ही आज ना उद्या आपल्या गावी जाणार, तुम्हांस सांगायला काय. ताप नव्हता. त्या दिवशी माझ्या वडिलांचं श्राद्ध होतं. कमलाक्षी बाहेर बसली होती आदल्या दिवसापासून, तिला स्वैपाकघर बंद. बहीण कुंभकोणहून येते म्हणाली, आली नाही. मग सोवळ्यानं रांधणार कोण? परीक्षा दहा वाजता. मी म्हणालो, परीक्षा दहास ना, वडे तेवढे तळून जा. तिथी थांबते का कुणासाठी? पहाटे चारला तिनं न्हाऊन ओलेत्यानं चूल पेटवली, खीर, वडे, चार भाज्या. उजव्या हातावर तेल उडालं. साडेनऊपर्यंत मी सोडलं नाही तीस — मीच, दुसरं कुणी नाही, ब्राह्मण दुपारी जेवायचे होते, घाई कसली होती मला? बस चुकली. वीस मिनिटं उशिरा पोचली, भाजलेल्या बोटांनी लिहिलं. संध्याकाळी हातास केळीचं पान बांधून घरी आली आणि पहिलं काय विचारलं? ब्राह्मण जेवले का नीट, म्हणून. मार्क आले तेव्हा मीच म्हणालो सगळ्यांस, ताप होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हो म्हणाली.

हे मी का सांगत बसलो? पत्र विचारायला आलो होतो. वाचा आता. मोठ्यानं नको, तो वॉचमन ऐकतो.

काय? बारा तारखेस? सकाळी अकरास, मुलीस घेऊन — मुलाखत. साठ हा कॉलेजचा आपला नियम, विद्यापीठाचा पन्नासचा, उरलेल्या सीटांवर प्रिन्सिपालांस सवलत देता येते... मुलगी योग्य वाटली तर. मूळ मार्कलिस्ट आणायची. आणि हे पत्र, हेच, सोबत आणायचं. अय्यो. अय्यो, बाई. आज नऊ. आज संध्याकाळची मद्रासची गाडी मिळाली, तिथून उद्या पुढची, तर अकरा तारखेस पुणं. म्हणजे ‘या’ म्हणून लिहिलंय. दोन पानं भरून ‘या’ म्हणून —

थांबा. तुम्ही पत्र उघडलं कुठं? घडी तशीच आहे. मी मघाशी दिली तशीच तुमच्या हातात आहे. न उघडता कसं सांगितलंत?

काल? कोण मुलगी?

माझी? इथं आली होती? माझ्या मुलीशी मला न विचारता, मला न सांगता — तुम्ही कोण बाई? चार दिवसांची ओळख तुमची माझी! आणि मी आल्यापासून इथं राजांच्या, चष्म्याच्या गोष्टी करतोय आणि तुम्ही सगळं ठाऊक असून ऐकत बसलात? उठतोच मी. द्या ते पत्र. द्या म्हणतो —

हा कसला कागद?

हे तिच्या वहीचं पान आहे. हे... हे पत्रच आहे की. ही अक्षरं. मी न्हायला गेलो की शर्ट खुंटीस असतो, तेव्हा उतरवून घेतलं असणार. तिलाही येत नाही बाई हे, एक अक्षर येत नाही. नुसतं बघून बघून काढलंय, दारापुढं कोलम काढतात तसं, ठिपक्यास ठिपका, खाली प्रिन्सिपालांची सहीसुद्धा, आणि हा बघा, मूळ पत्रात शाईचा डाग पडलाय ना, तोही काढलाय. काय ठाऊक, तेही अक्षर असेल म्हणून. किती दिवस लागले असतील तीस. आणि ती आज संध्याकाळी तुमच्याबरोबर येऊ का म्हणून विचारत होती? तुम्ही हो म्हणालात? पत्र खिशातून सरळ काढून नेता आलं असतं की तीस. उतरवून घेता आलं तर नेता आलं नसतं?

खाली काय म्हणता? तमिळ आहे ते. तुम्हांस नाही यायचं. द्या, हे मला येतं वाचता.

“अप्पा, तुम्ही बाईंकडे आपण होऊन याल, मला ठाऊक आहे. एक वाजता मी डबा घेऊन फाटकापाशी येते. पत्रात काय आहे ते मला तुम्ही सांगा, दुसऱ्या कुणाकडून कळलं असं मला नको. पत्र तुमच्या हातानं दिलंत तर जाईन, नाही दिलंत तर उद्या पाटावर बसेन. फिजिक्सचं मी बाईंस सांगितलं नाही. ताप म्हणूनच सांगितलंय.”

ताप म्हणूनच सांगितलंय.

किती वाजले? फाटकापाशी... हो, तीच. निळं पावडं, परकर हो, आणि हातात डबा. केव्हाची उभी आहे कोण जाणे, आत यायची नाही ती, मी बोलावल्याशिवाय. पापनाशमास मी फोन करतो, शिव्या मी खातो, ते माझं मी बघतो. नाही, तुम्ही नका सांगू तीस काही. ‘त्यांना वाचता आलं नाही’ हेसुद्धा तुम्ही नाही सांगायचं, ते मी सांगणार. चष्म्याची सबब नाही सांगणार, आणि त्या तिथीस मीच तीस अडवलं, तेही कबूल करणार. द्या पत्र. आणि जा बाई, आत जा, आपले कागद बघा, माझ्या मुलीशी मला बोलायचंय, तुमच्यापुढं होणार नाही ते माझ्याच्यानं. कीर्तना! ये गं, इकडे ये — बाई, थांबा, एक सांगून जा. गाडी किती वाजता म्हणालात?