नानांच्या गाडीचे ब्रेक

जमलेल्या सगळ्या बंधू-भगिनींनो, जिजी, प्रकाश, आणि आज दुकान बंद ठेवून आलेले आपले रमणभाई,

मला भाषण येत नाही. सगळं आयुष्य लूमखात्यात गेलं. तिथे मागांच्या खडखडाटात बोलून भागत नाही, ओरडावं लागतं. तेव्हा मध्येच माझा आवाज चढला तर वामन चिडला असं समजू नका. घरात आपण अहिराणी बोलतो, पण मंडपात दुसऱ्या जिल्ह्यांची मंडळीही बसली आहेत, म्हणून जमेल तसं मराठीत बोलतो. तेवढं सांभाळून घ्या.

सुकलाल नाना गेले. सचिन गावच्या कारखान्यात आम्ही दोघंही लूम फिटर. तिकडे एका खात्यात आणि इकडे कोसाडच्या सोसायटीत एका भिंतीच्या दोन बाजूंना शेजारी. माझ्या घरी कुकरची शिट्टी झाली की नाना तिकडून विचारायचे, आज वरण का? असा माणूस. त्यांच्याशिवाय मला ही भिंत बघवत नाही.

दुःख आहेच. पण मंडळी, खरं सांगतो, काल संध्याकाळपासून मला हायसं वाटतंय. शोकसभेत उभं राहून हायसं वाटतं म्हणणारा माणूस तुम्हाला विचित्र वाटेल. वाटू द्या. मी उभा राहिलोय तो तेच सांगायला.

नाना गेल्या दिवसापासून या सोसायटीत एक वाक्य फिरतंय. ब्रेक लागले नाहीत. नळावर तेच, पानाच्या टपरीवर तेच. ब्रेक लागले नाहीत. कोणी पाहिलं? कोणीच नाही. पण सगळ्यांना माहीत.

झालं काय होतं? रविवारी नाना आणि जिजी, दोघं नवराबायको, पलसाण्याहून नातेवाइकांचा कार्यक्रम आटोपून येत होते. आपली म्हातारी घेऊन. नवीन मंडळींसाठी सांगतो, म्हातारी म्हणजे नानांची जुनी विलायती मोटार. हायवेच्या कडेला मातीत ती उभी दिसली. समोर सुताच्या बाचक्यांचा एक ट्रक उभा, त्याच्या पाठीला तिचं नाक जेमतेम लागायचं राहिलेलं. नाना स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले. एसटीडी बूथवर फोन आला, आपण धावलो, तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण आपल्यापैकी कोणीतरी गाडीखाली तेलाचा डाग पाहिला. मग काय, डाग मोठा होत गेला. ब्रेकचं तेल गळलं, ब्रेक लागले नाहीत, ट्रक समोर आला, त्या धसक्याने नाना गेले.

आणि ते ब्रेक शेवटचे कोणी बसवले होते? प्रकाशने. नानांच्या मुलाने. आता कळलं ना, हा पोरगा रविवारपासून ताटावरून का उठून जातो ते?

मला राग आला तो याचा. माणूस गेला, त्याचं दुःख करा. त्याच्या पोराच्या डोक्यावर दगड कशाला ठेवता?

तरी मी तुम्हाला सगळा दोष देत नाही. म्हातारीचे ब्रेक गळायचे, हे खरंच आहे. प्लेगच्या साली शहर सोडून गावाकडे पळालेलो आपण परत आलो, त्यानंतर एका शेठने भंगारात काढलेली ही गाडी नानांनी आणली. रंगवली, सीटांना नवं कापड शिवलं. मग रिवाजच पडला. सोसायटीतली कुठलीही लेक सासरी निघाली की म्हातारीत बसून निघायची. माझी सुनंदाही त्यातूनच गेली. पण नाना म्हणायचे, दुसऱ्याच्या लेकी बसवतो, ब्रेकला हयगय चालायची नाही.

आणि नेमके ब्रेकच गळायचे. तुम्हाला आठवत असेल, प्रत्येकाच्या दारात डाग. त्या गाडीचा मूळ माल कुठे मिळायचा? मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या रमणभाईंनी मापं घेऊन, शोधून, बसतील अशी चाकांची सिलेंडरं आणि आतली रबरं दिली. नानांनी बसवली. चार दिवस ब्रेक फार सुंदर. मग पुन्हा चाकाच्या आतून ओल. नानांनी सिलेंडर उघडलं, आत ओरखडे असतील म्हणून लेथवर नेऊन घासून आणलं. नवी रबरं. चार दिवस सुंदर, पुन्हा ओल. पाइपचे नट बदलले, वॉशर बदलले. पुन्हा ओल. शेवटी नाना रमणभाईंच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, तुमचा माल डुप्लिकेट आहे.

दुसरा व्यापारी असता तर त्याने हाकलून दिलं असतं. रमणभाई म्हणाले, मारी सामे फिट करो. माझ्यासमोर बसवा, मी बघतो. आणि पुढच्याच रविवारी खरंच स्कूटरवरून आले. अंगणात स्टूल टाकून बसले. जिजींनी चहा दिला. मी होतोच, अशा वेळी मी घरात थांबत नाही.

नानांनी सिलेंडर पुसलं. रबर हातात घेतलं. आणि खिशातून आपली लांब नळीची तेलाची कुपी काढली, लूमला तेल द्यायची. रबरावर एक थेंब टाकला, बोटाने फिरवला आणि रबर आत सरकवलं.

रमणभाईंनी कप खाली ठेवला. म्हणाले, नाना, आ शुं करो छो?

नाना म्हणाले, काय करतो म्हणजे? तेल लावतो. कोरडं कसं बसवणार?

आणि मंडळी, मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आपल्यापैकी कोणाला दिसलं असतं? इथे बसलेला एकही फिटर कोरड्यावर कोरडा भाग चढवणार नाही. पहिल्या दिवशी उस्ताद तेच शिकवतो. आधी तेल, मग हात. झोपेत सुद्धा आपण थेंब टाकू. लूमला ते अमृत आहे. पण ब्रेकच्या रबराला विष आहे, हे आपल्याला कोण सांगणार? रमणभाईंनी सांगितलं. लूमच्या तेलाने हे रबर फुगतं. फुगलं की आधी घट्ट बसतं, म्हणून चार दिवस सुंदर. मग ते मऊ पडतं आणि गळायला लागतं. ओलं करायचंच असेल तर ब्रेक ऑइलनेच करा.

नानांना पटलं का? नाना आणि ऐकून पटवून घेणार? त्यांनी जिजींच्या दोन स्टीलच्या वाट्या मागितल्या. एकीत लूमचं तेल, एकीत ब्रेक ऑइल. दोन्हीत एकेक नवं रबर टाकून खिडकीत ठेवलं. काही दिवसांनी मला भिंतीवर ठोकून बोलावलं. ब्रेक ऑइलमधलं जसंच्या तसं. लूमच्या तेलातलं भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टम्म. नानांनी दोन्ही रबरं एका कागदात बांधली, सायकल काढली आणि रमणभाईंच्या दुकानात जाऊन, पुन्हा गिऱ्हाइकांसमोर, हात जोडले. वाट्या जिजींनी स्वयंपाकघरात परत घेतल्या नाहीत. त्या दिवसापासून म्हातारी गळली नाही. पण आपल्या डोक्यातून डाग गेला नाही, तो असा.

आता प्रकाश. मागच्या महिन्यात नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चाकांची रबरं बदलायची वेळ आली, तेव्हा प्रकाशने बसवली. प्रकाशही फिटर. आपल्याच खात्यातला, आपल्याच हाताखाली तयार झालेला. नाना गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी हा माझ्याकडे आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "काका, मी रबराला कोणतं तेल लावलं, मला आठवतच नाही. हात सवयीने कुपीकडे गेला असेल तर?"

मी त्याला काय सांगणार? तू लूमचं नसशील लावलं, असं म्हणालो. पण मंडळी, मला तरी काय माहीत? माझाही हात कुपीकडे गेला असता. ते दिवस मला फार जड गेले.

मग मी ठरवलं, रडत बसण्यापेक्षा बघू. आधी हायवेवर गेलो. डाग होता. काळा, चिकट. तिथली माती एका पेल्यात पाण्यात कालवली. तेल वर तरंगलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, असं तरंगत नाही. म्हणजे ते इंजिनचं तेल होतं, म्हातारीचं असेल नाही तर त्या ट्रकचं. पण एवढ्याने माझं समाधान झालं नाही.

काल म्हातारी टेम्पोवर घालून घरी आणली. रमणभाईंना निरोप धाडला. ते आले. गाडीतला ब्रेक ऑइलचा डबा उघडला, खुणेपर्यंत भरलेला. मी आत बसून पेडल दाबलं आणि सगळं वजन देऊन तसाच बसलो. पेडल दगडासारखं, खाली जाईना. तरी रमणभाई म्हणाले, चाकं उघडू. जॅक लावला. चारही ड्रम काढले. आत कोरडी पूड, ओलीचा पत्ता नाही. मग सिलेंडरातून रबरं बाहेर काढली. रमणभाईंनी खिशातून कोरं रबर काढून शेजारी ठेवलं. दोन्ही सारखी. एकही फुगलेलं नव्हतं.

रमणभाई तिथेच मातीत बसले. मीही बसलो. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आम्ही लहान पोरांसारखे हसलो. नंतर रडलो, ते वेगळं.

प्रकाश, तुझ्या हाताने बरोबर तेलच लावलं होतं. तुला आठवो न आठवो.

इथे मी थांबलो असतो. पण मी ती रबरं तळहातावर घेऊन जिजींना दाखवायला गेलो. म्हटलं, बघा, ब्रेक चांगले होते. जिजींनी रबरांना हातही लावला नाही. म्हणाल्या, चांगलेच होते की. मी गाडीतच होते ना.

मंडळी, अख्खी सोसायटी ब्रेकवर बोलत होती. मी मातीत पाणी कालवत फिरलो, चाकं उघडली. आणि गाडीत बसलेल्या बाईला विचारायचं एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. त्यांना आपण सगळ्यांनी विचारलं ते एवढंच, छातीत कुठे दुखत होतं, घाम आला होता का.

जिजींनी जे सांगितलं ते तुम्हाला सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. नाना चालवता चालवता एकदम गप्प झाले. डावा हात छातीवर गेला. त्यांनी गाडी हळू केली, रस्ता सोडून कडेला घेतली. पुढे ट्रक उभा होता. त्यांनी पाय दाबला. गाडी थांबली. जिजी मागच्या सीटवर होत्या, त्यांना हिसकाही बसला नाही. मग नानांनी हँडब्रेक ओढला आणि आपल्या बोलीत म्हणाले, "ब्रेक बरोबर लागना. पोऱ्यानं काम पक्कं शे." म्हणजे, ब्रेक बरोबर लागला, पोराचं काम पक्कं आहे.

एवढं बोलले आणि डोकं टेकलं. जिजींना वाटलं, दमलेत, विसावा घेतायत.

हे सांगून झाल्यावर जिजी चिडल्या. रविवारपासून पहिल्यांदा चिडल्या, मला फार बरं वाटलं. म्हणाल्या, इतका संसार केला, आणि जाताना ब्रेकनं बोलनात, मले काहीच बोलनात नहीत. म्हणजे, ब्रेकबद्दल बोलले, बायकोशी काहीच नाही.

जिजी, तुमची तक्रार खरी आहे. पण त्यांनी गाडी थांबवली तेव्हा मागे तुम्ही बसला होतात.

आणि प्रकाश, तुझ्या बापाने आयुष्यभर तुझ्या कामात चूक काढली. माझ्याही काढली. पक्कं शे, असं त्यांच्या तोंडून इथे कोणी कधी ऐकलंय का? हात वर करा. नाही ना? मीही ऐकलं नव्हतं. ते त्यांनी तुझ्यासाठी म्हटलं. आज घरी जा आणि पोटभर जेव.

आता सगळ्यांनी उभं राहू या. पलीकडे लूम चालू आहेत, त्या चालू द्या. आपण तेवढे थोडा वेळ गप्प राहू. प्रकाश, तू मान खाली घालू नकोस.

नाना, माझा रामराम.