नऊ नंबरचा तांबेरा

...नाही, रोग एकच, गहू एकच, मग त्याचा एक स्ट्रेन, म्हणजे पोटजात, सात दिवसांत पानावर डाग पाडतो आणि दुसरा बारा दिवस नुसता बसून राहतो, असं कसं? हे मी नाही विचारत, तुम्हाला सांगतो, आमच्या खारी गावातले, माझ्या शेजारचे रामनाथकाका विचारतायत. जन्म भातशेतीत गेला, गव्हाचं रोप कधी पाहिलं नाही, पण मुलगी कृतिका गव्हाच्या तांबेऱ्यावर, म्हणजे पानावरच्या त्या तांबड्या बुरशीवर, पीएचडी करतेय ना... तर ती गेल्या आठवड्यात घरी आली ती रडतच.

झालं काय, तिच्याकडे तांबेऱ्याचे चाळीस स्ट्रेन. त्यातला नऊ नंबरचा आधी बारा दिवसांनी उठायचा, गरीब बिचारा, आणि या वेळी सातव्याच दिवशी पान भरून डाग! बाकीचे एखाददुसरा दिवस लवकर, पण हा पाच दिवस. तिच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "कृतिका, लेबलं बदललीयत तुझ्याकडून. चूक कुठे झाली ते सोमवारपर्यंत सांग, नाहीतर तीन वर्षांचं काम बाद."

काका म्हणाले, "रोग येकच हाय ना गो?"

"एकच आहे, बाबा. पण जोर वेगवेगळा."

"सख्खे भाऊ हायत का?"

"तसंच समजा."

काकांना काही कळलं नाही, पण पोरगी जेवत नव्हती, म्हणून त्यांनी तिच्या मोबाइलमधले पानांचे सगळे फोटो जेसल पार्कच्या दुकानातून छापून आणले आणि चष्मा लावून पान-पान बघत बसले. दोन दिवस! मधेच मला हाक, "रोग येकच हाय ना रे?" मी काय सांगणार, मी विम्याची कामं करतो...

तिसऱ्या दिवशी काकांनी दोन फोटो पुढे सरकवले. "ट्रेतला ह्यो काटा आधी पंधरावर, आता बावीसवर. का गो?"

तो थर्मामीटरचा काटा! कृतिकानं लगेच लॅबमध्ये फोन लावला. रोपं ठेवायचं चेंबर दुरुस्त करणाऱ्यानं आतलं तापमान वाढवून ठेवलेलं, कुणाला पत्ता नाही. लेबलं बरोबरच होती. नऊ नंबरला ऊब मानवते, एवढंच.

मॅडम खूश. म्हणाल्या, "हे तर नवीनच निघालं. आता चाळीसही स्ट्रेन तीन-तीन तापमानांवर पुन्हा कर."

काका गोंधळले. "म्हंजे बरोबर निघाला म्हणून परत करायचा? न् चुकला असता तर?"

"तरी परतच करायचं होतं, बाबा."

"म्हंजे आता फोटो तिप्पट," म्हणत काका उठले, चष्म्याच्या दुकानात गेले आणि नंबर वाढवून आले.