बारा जणींचं एक नाक

—छे छे मुनीमजी, ते नाक माझं नाही. म्हणजे तोंडावरचं माझंच, मी फळीवरच्याबद्दल बोलतोय. चित्रकारानं काढलं तसं मी कोरलं. मूळ चित्र दाखवू? कुठून दाखवू? शेठच्या चित्रछपाईच्या दुकानात तुमचे केस पिकले, तुम्हाला मी सांगायचं? चित्र फळीवर पालथं चिकटवायचं नि कागदासकट कोरायचं — फळी तयार, चित्र खलास. त्या कोपऱ्यातल्या ढलप्यांत शोधा हवं तर!

काय म्हणता, ज्यांची चित्रं छापली त्या बाराही जणी दुकानावर चालून आल्या? आणि शेठच्या अंगावर चहा ओतला? गरम होता?... अरेरे. पण मी म्हणतो, चहाच्या दुकानांतल्या पोरी सगळ्या, एकाच विहिरीचं पाणी पितात, नाकं सारखी निघायचीच! बरं, पाणी नाही पटत? मग लाकूड. चेरीचं लाकूड लहरी, मध्येच गाठ येते. बारा फळ्यांना, त्याच जागी — येते कधीकधी! आणि केस बघा ना, केस! कपाळाच्या कडेचा एकेक केस सुटा कोरलाय, सबंध एदो शहरात दुसरा कोण कोरतो असा? पण नाही, जो तो मेला नाकच बघतो.

तिकडे काय बघताय? खिडकी आहे ती. समोर तोफूचं दुकान आहे. हो, त्या ओशिमाबाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, एकट्या सांभाळतात सगळं. इतकं टक लावून नका हो बघू! साम्य? कसलं साम्य? कुठंय साम्य?... बरं, आहे.

आता माझं काय चुकलं सांगा. उजेडासाठी खिडकीशी बसावं लागतं. बारीक काम, डोळे शिणतात, मान वर केली की समोर त्या — तोफू कापतायत, पाण्यात सोडतायत. मान खाली घातली की हात आपला आपणच वळतो. आणि त्या चित्रकारानं काढलेलं नाक म्हणजे काय, तोंडाला एक केस चिकटल्यासारखं! नाक कसं हवं? तांदळाच्या वाफाळत्या मोची-लाडवासारखं — गोल, गुबगुबीत, ऐसपैस बसलेलं... मी काही बोललो नाही. तुम्ही काही ऐकलं नाही.

त्यांना कळलं का म्हणून काय विचारता! काल आल्या ना स्वतः. एका हातात तोफूचं पातेलं, दुसऱ्या हातात छापलेलं चित्र. म्हणाल्या, "सेइरोकू, आळीतली पोरं मला चहावाली सुंदरी म्हणून चिडवतात. खरं सांगा, माझं नाक एवढं मोठं आहे?" आणि मी, मुनीमजी, मी गाढव — पटकन म्हणून गेलो, "नाही हो ओशिमाबाई, तुमचं याहून मोठं आहे, फळीवर मावलं नाही!"

हसू नका. सबंध तोफू डोक्यावर आपटला माझ्या. कानातून पाणी गळतंय, भुवईवर तोफू, आणि मी तसाच बसलेला, हातात कोरणी. त्या तरातरा दारापर्यंत गेल्या, पण फळी भिजलेली दिसली तशा परत फिरल्या. कमरेच्या दोरीनं बाह्या वर बांधल्या, आधी फळी पुसली, मग माझं डोकं. माझ्या डोक्याला जरा जास्तच वेळ लागला. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं चोरून बघताय, तरी चुकलंच. उद्या दुपारी समोर बसते, नीट बघून कोरा."

उद्या म्हणजे आज हो! म्हणून तर सकाळपासून दाढी करतोय, तीन ठिकाणी कापलं. शेठना सांगा, बाराही नाकं खाच पाडून काढतो, नवं लाकूड ठोकतो, केसाएवढी बारीक नाकं करून देतो पोरींना — परवा. आज नाही. काम काढून घेणार म्हणतात? घेऊ देत! नाही, नाही, असं नका सांगू, घेऊ नका म्हणावं — अरे देवा, निघाल्या त्या! चपला हातात घ्या, मागच्या दारानं जा. तोफू घ्यायचाय तुम्हाला? उद्या घ्या! अहो खिडकीतून दिसताय, वाका मुनीमजी, वाका!