बापानं केलेलं बाळंतपन

मी परतवाड्याचा. बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, मी जीपवर लागलो, चिखलदऱ्याच्या घाटात सवाऱ्या वाहता वाहता केस पांढरे झाले. एकच पोरगी, सुनंदा. ती धाव्वीत होती तवाच तिची माय वारली, मंग घरात आमी दोघंच. काय सांगू तुमाले, मले वाटे, बापानं घरात पैसा आनून टाकला का त्याचं काम सरलं.

पोरगी चांदूर बाजारले देल्ली. यंदा तिले दिवस गेले. पयलं बाळंतपन माहेरी, आपल्यात रीतच हाये, पन तिच्या सासूबाई म्हने, भाऊ, तुमच्या घरात बाईमानूस नाई, पुरुषाच्यानं बाळंतपन होते काय, आमीच करतो. त्यायचं काई चुकलं नोतं. पन पोरगी फोनवर म्हने, बाबा, मले घरी याचं हाये. बस, झालं. म्या म्हनलं, ये माय.

जीप दुसऱ्याले चालवाले देल्ली अन् शेजारच्या रुखमाबाईच्या मांगं लागलो, मले सारं शिकवा. डिंकाच्या लाडवाचा पयला घाना असा टनक झाला का रुखमाबाई म्हने, भाऊ, हे चाकाखाली ठेवा, जीप घाटात मांगं सरकत नाई. स्टँडवरचे पोट्टे म्हनत, काका, आता लुगडं नेसा. म्या म्हनलं, आन, नेसतो.

नात झाली. पोरीची मालिश रुखमाबाई करे, बाकी शेक-शेगडी, सैपाक, लेकराची आंघोळ माह्याकडं. स्टेअरिंग धरून धरून हात कसे झाले पाहा, बाभळीच्या सालीवानी. पयल्या दिवशी नातीले पायावर घेतलं तं भेवच वाटला, इले खरचटन म्हून. हाताले तेल चोपडत बसलो, चोपडत बसलो. ती रडली नाई, पायावरच झोपली. एक दिवस पोरगीच रडाले लागली, आज माय पाह्यजे होती म्हने. मलेही रडू आलं. दोघंही रडलो, मंग म्या वरन-भात कालवून तिले भरवला.

परवा सासूबाई न्याले आल्या. गल्लीतल्या बाया जमल्या, ओटी भराची येळ झाली, एक सवाष्ण उठली. सासूबाईनं तिले थांबवलं अन् तांदळाचं ताट माह्यापुढं धरलं. म्या म्हनलं, बाई, मी बायको मेलेला मानूस, मले कसं चालन. त्या म्हने, भाऊ, ओटी माय भरते. भरा.

ओंजळ भरून टाकाले गेलो तं अर्धे तांदूळ खालीच सांडले. पोरगी पदर पसरून उभीच होती. म्या म्हनलं, सुखी राह्य माय, अन् पुढच्या येळेलेही इकडंच ये.