हेमाच्या सात बाया

मंडळी, सगळे आलात. आपलं सातपाटी गाव तर सगळं आलं आहे. पालघरहून माझे जुने विद्यार्थी आलेत, बोईसरच्या कारखान्यातली पोरं रजा टाकून आलीत. समोर दामूभाऊ बसलेत, हेमाचे वडील. त्यांच्याकडे बघत मला हे सांगता येणार नाही. म्हणून मी भिंतीकडे बघून बोलणार आहे. माफ करा.

तेवीस वर्षांची पोर. कावीळ झाली आणि बारा दिवसांत गेली. मी तिचा शाळेतला चित्रकलेचा मास्तर. मास्तरानं विद्यार्थिनीच्या शोकसभेत बोलायचं, हे उलटं आहे. मला त्याचा राग येतो. खूप राग येतो. पण आज मी रडगाणं गाणार नाही. हेमा जिंकून गेली. कशी जिंकली, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मुंबईच्या कला महाविद्यालयात तिचं शेवटचं वर्ष. मी म्हणायचो, "हेमा, पुतळे कर, गणपती कर, पोटाला मिळेल." ती हसायची. तिला गोष्टींची शिल्पं करायची होती. जनाआत्या मासळी निवडता निवडता सांगायची, त्या गोष्टींची. वादळात सापडलेली होडी सात बायांनी दोर खांद्यावर घेऊन किनाऱ्याला ओढली, ती गोष्ट तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. हेमानं परीक्षेसाठी तीच घेतली. बांबूच्या सात बाया केल्या, पुरुषभर उंच. अंगाला फाटकी जाळी गुंडाळली. आपल्या किनाऱ्यावर ओळीनं उभ्या केल्या आणि सातजणींच्या खांद्यांवरून एक दोर नेऊन जुन्या होडीला बांधला. याला मांडणशिल्प म्हणतात, हेही मला तिनंच शिकवलं.

दामूभाऊंची अट होती. या वर्षी पास झाली तर पुढे शिकायचं. नापास झाली तर तारापूरला कारखान्यात, पॅकिंगच्या कामावर. बापाचं काय चुकलं? काही नाही. पण पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

कारण शिल्प जमत नव्हतं. महिनाभर ती मला एकच सांगत होती. "सर, ह्या ओढत नाहीत. नुसत्या उभ्या आहेत." बांबू बदलले, गाठी बदलल्या. बाया ताठच्या ताठ.

परीक्षेचा दिवस उजाडला. मुंबईचे परीक्षक आले, कडक इस्त्रीचा सदरा घालून. मी आणि हेमा त्यांना आणायला सकाळीच पालघरला गेलो होतो; तिघं एस.टी.तून उतरून किनाऱ्यावर गेलो. आणि बघतो तर काय? दोरावर बोंबील! जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओले बोंबील वाळत घातलेले!

मी तिथेच ओरडलो, "जनाआत्या, काय केलंत हे? पोरीची परीक्षा आहे!"

पाच कोळणींच्या पुढे उभी जनाआत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, मना काय ठाव? बांबू हाय, दोर हाय, ऊन हाय. मोकला दोर कोन ठेवतो?"

हसा, हसा. आज हसलात तरी चालेल.

मी बोंबील ओढून काढायला धावलो. हेमानं माझा हात धरला. "सर, थांबा. बघा त्यांच्याकडे." मी पाहिलं. ओल्या मासळीच्या वजनानं बांबू कमरेत वाकले होते. माना खाली, खांदे पुढे. दोर ताणलेला. मंडळी, त्या बाया ओढत होत्या! खरोखर ओढत होत्या!

परीक्षक फेरी मारून आले. म्हणाले, "हे वजन टाकण्याची कल्पना फार मोठी आहे. कुणाची?"

तिनं "माझी" म्हटलं असतं तर? मी गप्प बसलो असतो. खरं सांगतो, "म्हण गं" असं मनात म्हणतही होतो. वर्षभराची मेहनत होती, तारापूरचं पॅकिंग समोर होतं. हेमा म्हणाली, "माझी नाही, सर. या बायकांनी चुकून मासळी वाळत घातली. मला महिनाभर जमलं नव्हतं ते यांनी सकाळच्या कामात केलं. पण आता मी एकही बोंबील काढू देणार नाही. माझ्या नावापुढे यांची नावं लिहा."

परीक्षकांनी वही उघडली आणि विचारलं, "नावं सांगा." सहा कोळणींनी नावं सांगितली. जनाआत्यानं तर दोनदा सांगितलं. महिन्याभरानं कॉलेजचं पोस्टकार्ड आलं. हेमा वर्गात पहिली होती.

मघाशी दारात दामूभाऊंनी मला विचारलं, "मास्तर, माजी पोर मोठी कलाकार झाली असती काय?" तेव्हा मी त्यांना नुसतं आत आणून बसवलं. आता सगळ्यांसमोर सांगतो. दामूभाऊ, ती झाली. त्या किनाऱ्यावर खरं बोलली, तेव्हाच झाली. मी तीस वर्षं चित्रकला शिकवतो आणि त्या दिवशी मी मनातून तिला खोटं बोल म्हणत होतो. मी झालो नाही. ती झाली.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कुणी बोलू नका. शाळेत दर गुरुपौर्णिमेला हेमा माझ्या पाया पडायची. आज मी वाकतो. हेमा, तुझ्या विद्यार्थ्याचा नमस्कार घे.